टेपचं दुसरं टोक

बागेची आखणी करून देणाऱ्या बाई फोनवर म्हणाल्या, "काका, मी येण्याआधी अंगणाची मापं तेवढी घेऊन ठेवा." सकाळी टेप काढली, तेव्हा लक्षात आलं की दुसरं टोक धरायला कोणी नाही. विटेखाली दाबलं, तर वीट घसरली आणि टेप सरसरत हातात परत आली. शेवटी टोक कुंपणाच्या खिळ्याला अडकवलं.

घर बांधताना ते टोक आमच्या हिच्या हातात असायचं. मी जरा ताणलं की ती तिकडून म्हणायची, "ओढू नका हो."

माणूस गेल्यावर काही अडत नाही, खिळ्यावरही भागतं. त्याचंच जास्त वाईट वाटतं.

मापं अगदी बरोबर आली. ती लिहून झाल्यावर मी टेप उगाचच एकदा ओढली. खिळा काही बोलला नाही.