रडायला माणूस

आमच्या गावात माणूस मेलं की त्याच्याविषयी दोनदा बोललं जातं. आधी मयत अंगणात असताना बायका रडत बोलतात, आणि मग दहाव्याला पुरुष माइकवरून बोलतात. माइकवरच्या बोलण्याला मंडप लागतो, खुर्च्या लागतात, तालुक्याहून एखादा पुढारी उशिरा यावा लागतो. त्यात गेलेला माणूस मनमिळाऊ असतो, प्रेमळ असतो, आणि त्याच्या जाण्यानं गावाची कधीही न भरून निघणारी हानी झालेली असते. तेच सगळं फाट्यावरच्या फ्लेक्सवर फोटोखाली छापलेलं असतं. गेल्या वर्षभरात फाट्यावर इतके फ्लेक्स लागले की शेवटी एकावर एक बांधायची वेळ आली. सगळेच मनमिळाऊ. मग इतकी वर्षं गावात भांडणं कोण करत होतं, ते मला कुणीतरी सांगावं.

खरं काय ते बायकांच्या रडण्यातून कळायचं. आणि रडावं ते माझ्या चुलतीनं.

ती माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. आम्ही तिला काकू म्हणायचो. आमचं गाव आष्टीपासून आत, कोरडवाहू. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतं. काकूचं सगळं आयुष्य या जाण्यायेण्यात गेलं. चुलते लवकर वारले, तरी ती जात राहिली, आधी धाकट्या दिरासोबत, मग मुलगा आणि सुनेसोबत. अलीकडं गुडघ्यांनी दगा दिला म्हणून ती घरी राहायची.

कुणाच्या घरी मयत झाली की काकू हातातलं काम टाकून निघायची. उशापाशी बसायची, पदर कपाळापर्यंत ओढायची, गेलेल्या माणसाच्या दंडावर हात ठेवायची आणि हेल काढायची. एक हुंदका, मग एक वाक्य, मग पुन्हा हुंदका. त्या वाक्यांत माणसाचं अख्खं आयुष्य यायचं, खोडीसकट. बाकीच्या बायका "व्हय वं माय" म्हणत मागून साथ द्यायच्या. तिची सून कायम तिच्या मागच्या अंगाला बसलेली असायची. एरवी दोघींचं एका चुलीवर पटत नसे, पण मातीला जाताना त्या जोडीनं जायच्या.

मागच्या वर्षी आमच्या गल्लीतला पिठाची गिरणी चालवणारा माणूस गेला. दहाव्याला माजी सरपंच म्हणाले की त्यानं आयुष्यभर जनसेवा केली. काकू काय म्हणाली ते मला जास्त लक्षात आहे. "दादा रं, कधी मेलं बारीक दळलं न्हाईस, निस्तं भरड दळून दिलंस. पर लाईट कवाबी येऊ दे, उठून गिरणी लावलीस, कुणाच्या लेकराला उपाशी निजवलं न्हाईस. आन् माझा डबा तुझ्याच गिरणीत ऱ्हायलाय रं दादा." यावर आजूबाजूच्या बायका रडता रडता हसल्या. तिसऱ्या दिवशी राख सावडून झाल्यावर त्याच्या मुलानं डबा शोधून आणून दिला. तो खरंच गिरणीतच होता.

नंतर काही महिन्यांनी माझे वडील गेले.

वडील एसटीत कंडक्टर होते. बोलणं मोजकं, कपडे इस्त्रीचे, आणि राग नाकावर. निवृत्तीनंतर ते गावीच राहिले. आई त्यांच्याआधी गेली. शेवटची काही वर्षं तिची उजवी बाजू लुळी पडली होती. मी बीडला शाळेत शिकवते, सुट्टीला जाऊन यायचे. घरकामाला एक बाई ठेवली होती आणि बाकी वडील बघतात एवढंच मला ठाऊक होतं.

त्यांची मयत अंगणात होती. माझ्या सासरची माणसं आली होती, नवऱ्याच्या ऑफिसातले दोघंतिघं आले होते. काकू बसली आणि सुरू झाली. "भाऊजी वं, गावात कुणाला हसून बोलला न्हाईत, दारातून कुत्रं गेलं तरी तिकीट इचारल्यावानी बघायचात. पर जाऊबाईला हात उचलंना तवा सकाळच्या पारी दार लावून तिची येणी घालायचात वं. मी खिडकीतनं बघितलं वं भाऊजी. दातात रिबीन धरून येणी घालायचात."

मला इतका राग आला की रडणं थांबलं. वडिलांनी दार लावलं होतं ते कुणी बघू नये म्हणून. ते त्यांनी मलासुद्धा सांगितलं नव्हतं. आणि ही बाई माझ्या सासऱ्यांच्या देखत सांगत होती. सुतक फिटायच्या आतच मी तिला गाठलं.

"काकू, ते कशाला सांगितलंस सगळ्यांपुढं?"

"मंग काय सांगू?" ती तांदूळ निवडत होती, तिनं मान वर केली नाही. "गेले गेले म्हणून निस्तं बोंबलू? गेले ते समद्यांना दिसतंयच की. काय गेलं ते सांगावं लागतंय बाई."

"त्यांना आवडलं नसतं."

"त्यांना तर काहीच आवडायचं न्हाई."

मला अजूनही वाटतं की तिनं विचारून सांगायला हवं होतं. पण आज गावात वडिलांचा विषय निघाला की पेपरात आम्ही दिलेल्या निधनवार्तेतलं काही कुणाच्या तोंडी येत नाही. लोक वेणीचंच बोलतात. माझंही तसंच झालंय. वडील आठवले की मला दातात रिबीन धरलेले वडील आठवतात. मी ते पाहिलेलं नाही, तरी तेच आठवतात.

त्याच बैठकीत काकू म्हणाली होती, "माझ्या टायमाला कोण सांगल काय म्हाईत. तुला तर रडायचं येत न्हाई. सर्दी झाल्यावानी सूं सूं करतीस." मग म्हणाली, "मराण यायचं तर दिवाळीच्या आत यावं बाई. एकदा कारखाने सुरू झाले की गावात रडायला माणूस न्हाई. मुक्यानंच न्यावं लागंल मला."

मी म्हटलं, "सूनबाई आहे की तुझी."

"ती? ती फडात आसंल. आन् रडायची कावून? तिचा तर जीव सुटंल."

हे ती हसत म्हणाली होती. पण त्यानंतर दोनदा फोनवर तिनं तोच विषय काढला, तेव्हा हसत नव्हती. जी बाई साऱ्या गावाला रडली, तिला आपण तसंच जाऊ याची खरोखर भीती वाटत होती.

आणि झालं तसंच. काकू गेली ती माघात, तोड ऐन भरात असताना. सकाळी चहा घेतला, ओसरीवर उन्हाला बसली आणि बसल्या जागीच गेली. शेजारच्या म्हाताऱ्यानं मला फोन केला. मी मिळेल त्या एसटीनं निघाले.

गल्लीत शिरले तर दोन्ही बाजूंनी कुलपं. मागं राहिलेले म्हातारे बाहेर दगडांवर बसले होते. आत अंगणात काकूला निजवलं होतं, आणि भोवती गावात उरलेल्या चारदोन म्हाताऱ्या. त्यातली एक दम्याची, एक कानानं पार कमी ऐकणारी. कुणाच्याच छातीत हेल काढायचं बळ नव्हतं. सगळ्या पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. एवढं शांत मयतघर मी आमच्या गावात कधी पाहिलं नव्हतं.

मुलाला कळवलं होतं. तो सांगलीच्या पुढं कुठंतरी फडात होता. दिवस कलला तेव्हा तो एका जीपमधून उतरला. एकटाच.

"ती?" मी विचारलं.

"बैलं हायत ना, ताई. लेकरंबी हायत. बैलं कुणाच्या भरवशावर सोडावं?" आईकडं बघून तो मटकन खाली बसला आणि तिच्या पायाला धरून मुकाट रडला. पुरुष असाच रडतो, त्यात शब्द नसतात.

बाहेरून आवाज आला, "आटपा आता, दिवस बुडायच्या आत उरकलं पायजे." दम्याची म्हातारी माझ्याकडं बघून म्हणाली, "आगं बाई, हिला मुक्यानंच न्यायचं का?"

मी पुढं झाले. काकूच्या दंडावर हात ठेवला. "काकू," म्हणाले, आणि पुढचा शब्द फुटेना. डोक्यात खूप काही होतं. पन्नास पोरांपुढं रोज बोलणारी मी, तोंड उघडून नुसती बसले, आणि मग तेच सूं सूं सुरू झालं. ती बघत असती तर म्हणाली असती, बघ, म्हणलं नव्हतं?

तेवढ्यात चुलतभावाचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल, बायकोचा. त्यानं डोळे पुसत फोन माझ्या हातात दिला. "ताई, तिला तेवढं तोंड दाखवा आईचं."

मी फोन काकूच्या चेहऱ्यावर धरला. पडद्यावर सून उसाच्या पाचटात उभी होती, लुगड्यावर नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्याला फडकं. मागं अर्धी भरलेली गाडी. मला वाटलं, तोंड बघून फोन ठेवून देईल. पण तिनं डोक्याचं फडकं सोडलं, पदर कपाळापर्यंत ओढला, पाचटात खाली बसली आणि हेल काढला. हुबेहूब काकूचा हेल. मी दचकले, फोन पडता पडता वाचला.

"आत्या वं… माझे आत्या वं… नवी नवरी आले तवा माझी भाकर तव्यात मोडली, तुमी ती समद्या आळीला दाखवत फिरलात वं… साखरंचा डबा उशाला घेऊन निजायचात… लई खाष्ट व्हता वं आत्या…"

"व्हय वं माय," दम्याची म्हातारी म्हणाली. त्याबरोबर बाकीच्याही सरसावून बसल्या.

"पर फडात मला कळा आल्या तवा पाचटाच्या कोपीला दार न्हवतं… तुमी लुगडं धरून दारात उभ्या ऱ्हायलात वं… मुकादम आला मोळ्या भरायला बोलवायला, त्याला कोयता दाखवलात वं आत्या…"

"व्हय वं माय."

"तुमची गरभाची पिशवी काढली… ऐन उमरीत काढली वं… कंबर गेली, तरी मोळी उचलली, कुणाला सांगितलं न्हाई… माझ्या टायमाला डाक्टर म्हणला, काढून टाका, समद्याच काढत्यात… तुमी मला हाताला धरून दवाखान्याच्या पायरीवरनं माघारी आणलंत वं… म्हणलात, माझी गेली ती गेली, हिची मी जाऊ देणार न्हाई…"

भावानं मान खाली घातली. मला हे ठाऊक नव्हतं. कंबरेला हात लावून उठणारी काकू मी लहानपणापासून पाहत आले होते आणि वयानं होत असेल असं धरून चालले होते. पण मी शाळेत जात होते तेव्हा ती म्हातारी कुठं होती? पस्तिशीचीही नसेल. मला त्या डॉक्टरचा राग आला, आणि आमच्या घरातल्या सगळ्या शिकलेल्या माणसांचाही आला.

मध्येच चित्र थिजलं. पदरातला तिचा चेहरा पडद्यावर तसाच अडकून राहिला, पण आवाज येत होता.

"आता दिवाळीला निघताना माझं गठुडं कोण सोडल वं… त्यात तवा हाय का, तापाच्या गोळ्या हायत का, कोण बघल… मी खेकसायची वं तुमच्यावर, माझ्या गठुड्याला हात लावू नका म्हणायची… आता न्हाई म्हणणार वं… सोडा वं आत्या, गठुडं सोडा…"

आता सगळं अंगण रडत होतं. मीही रडले, नीट, आवाज काढून. रडता रडता फोन खाली यायला लागला तेव्हा भावानं खालून माझ्या मनगटाला आधार दिला.

मग काकू थांबायची तशी ती एकदम थांबली. चित्र पुन्हा हललं. तिनं पदरानं तोंड पुसलं, नाक पुसलं.

"ताई, आवाज आला का?"

"आला."

"मागं बसलेल्यांना?"

मी वळून पाहिलं. भिंतीला टेकलेली कमी ऐकणारी म्हातारी डोळे पुसत होती. तिनं मान हलवली.

"सगळ्यांना आला."

"काय ऱ्हायलं तर न्हाई ना?"

"नाही," मी म्हटलं. "काहीच राहिलं नाही."

"बरं. मंग उचला म्हणावं," ती म्हणाली. "मी बैलांना पाणी दाखवते."