कॅप्टनसाहेब फौजेतून घरी कामून आले

मला स्टेजवरून खाली उतरवलं तेव्हा मी हसत होतो.

सव्वीस जानेवारीचा दिवस. औश्याजवळचं आमचं गाव, गावची शाळा. झेंडावंदन झालं आणि माजी सैनिकांचा सत्कार सुरू झाला. गावातले तिघं वर गेले. त्यांच्या मागं मी गेलो. डोक्यावर पलटणीची टोपी, छातीवर मेडलं, बूट घासूनपुसून चकचकीत. खुर्चीपाशी पोचलो तोच माईक खरखरला. मला डाव्या कानानं काहीच ऐकू येत नाही. उजव्यानं अर्धंमुर्धं. माईकवरचं बोलणं तर नुसती खरखर. माईक धरलेले गावचे पुढारी कॅप्टनसाहेब काहीतरी बोलले. समोरची माणसं हसली. लेकरं हसली. मला वाटलं, माझं कौतुक करून राहिलेत. मी पण हसलो. कडक सॅल्यूट ठोकला.

माणसं अजूनच हसली.

मग हेडमास्तर आले. माझं कोपर धरलं आणि खाली सतरंजीकडं बोट केलं. मी उतरलो. खुर्च्या कमी पडल्या असतील, असं वाटलं. वर एक खुर्ची शेवटपर्यंत रिकामी होती.

घरी आल्यावर लेकीला विचारलं. ती आठवीत आहे, समोरच्या रांगेत बसली होती.

"काय म्हनले गं ते?"

"काई न्हाई, बाबा."

तिची आई त्याच शाळेवर खिचडी शिजवायची. तिनंही ऐकलं होतं. ती म्हणाली, "सांग त्येंला. जसं म्हनले तसंच सांग."

पोरगी माझ्या उजव्या बाजूला आली. कानाशी तोंड आणलं.

"म्हनले, हितं इज्जतीनं रिटायर झालेल्यांचा मान हाय. बोर्डआऊट झालेल्यांचा न्हाई. सरकारनंच वापस केलेला माल आपण कामून मिरवायचा, म्हनले."

"माल म्हनले?"

"हाव."

माझ्या लेकीला ते शब्द स्वतःच्या तोंडानं माझ्या कानात घालावे लागले. ते मला अजून सोसत नाही.

बोर्डआऊट म्हणजे काय, ते गावाला कधी कळलंच नाही. मी तोफखान्यात होतो. तोफेच्या बाजूला उभं राहून राहून कान गेले. मग चक्कर यायला लागली. एकदा गोळा उचलताना पडलो. दवाखान्यात ठेवलं, डॉक्टरांचं बोर्ड बसलं, त्यांनी तपासलं आणि सांगितलं, आता हा नोकरीच्या लायक राहिला नाही. घरी पाठवलं, पेन्शन देऊन पाठवलं. फौजेतून माणूस अनेक कारणांनी घरी येतो. कुणाची मुदत भरते. कुणी घरच्या अडचणीनं स्वतः मागून येतो. कुणी माझ्यासारखा शरीर देऊन येतो. कुणाला गुन्ह्यासाठी बडतर्फ करतात. प्रत्येकाचं कारण वेगळं आणि ते नोंदवलेलं असतं. गावानं माझी गत बडतर्फवाल्यासारखी केली. पोरंसोरं मागून 'बोर्डआऊट' म्हणून ओरडायची. मला ऐकू यायचं नाही, म्हणून जोरात ओरडायची.

आता कॅप्टनसाहेब. तो कॅप्टन नाही. तो शिपाईसुद्धा झाला नाही.

हे मला माहीत आहे, कारण आम्ही एकाच भरतीत लागलो, एकाच गाडीत बसलो आणि एकाच बराकीत झोपलो. माझा बाप त्याच्या बापाकडं सालगडी. त्याच्या वाड्याचा उंबरा आम्ही कधी ओलांडला नाही. आणि इथं दोघांच्या खाटा शेजारी शेजारी. मी त्याला अरे-तुरे करायचो. फौजेनं मला दिलेली ती पहिली चैन.

ट्रेनिंगमध्ये संडास धुवायची पाळी सगळ्यांना असते. त्याची पाळी आली तेव्हा तो माझ्यापाशी आला.

"माझी पाळी तू कर. तुला सवय हाय."

मला सवय नव्हती. माझ्या आईलाही नव्हती. पण त्याच्या डोक्यात आमची सगळी वस्तीच झाडू घेऊन जन्मलेली. मी म्हणालो, "तुझी पाळी हाय, तूच कर." त्यानं केली नाही. ट्रेनिंग देणाऱ्या उस्तादानं शिक्षा दिली तर शिक्षाही केली नाही. परेडला दांडी मारायचा, आजारी पडायचा, वडलांना फोन लावून रडायचा. शेवटी त्याचं नाव कापलं. कागदावर काय कारण लिहिलं, ते आम्हां सगळ्यांना माहीत होतं. 'हा चांगला शिपाई होण्याची शक्यता नाही.' बस, एवढंच. शपथ घेऊन पक्का शिपाई होतात त्या कसम परेडच्या आधीच तो घरी.

त्यात पाप नाही. फौज सगळ्यांना झेपत नाही. त्यानं तेवढंच सांगितलं असतं तर मी त्याला कधी वाईट म्हणालो नसतो. पण गावात आल्यावर त्याचं 'गुडघ्याला मार लागला' झालं. मग त्याचं 'गुडघ्यात गोळी लागली' झालं. मी सुट्टीवर आलो तेव्हा तो कॅप्टन होऊन बसला होता. मी बापाला खरं सांगितलं. बाप म्हणाला, "गुमान ऱ्हा. त्यायचं त्यायला माहीत. मला सकाळी त्यायच्याच रानात जायचंय."

यंदा तो जिल्हा परिषदेला उभा राहिला. लातूर रस्त्यावर बॅनर लागले. वर्दीतला फोटो, छातीवर मेडलं. वर लिहिलेलं, 'देशासाठी लढला, आता तुमच्यासाठी लढणार.' विरोधकांनी कुजबुज सुरू केली, ह्याच्या फौजेचं कुणी बघितलंय का? तेव्हा त्याला मी आठवलो. वापस आलेला माल आठवला.

वाड्यावर बोलावलं. पहिल्यांदा आत बोलावलं.

"सभेत एवढंच सांग, आपण संगं होतो म्हणून. बराकीचं सांग. बाकी काई बोलू नको."

"आन् घरी कामून आलाव, ते कुणी इचारलं तर?"

 तो माझ्या उजव्या कानाच्या बाजूला सरकला. माझा कोणता कान चालतो, ते त्याला बरोबर माहीत होतं.

"तुझी बायको अजून शाळेवरच हाय ना?"

शाळा त्याच्या संस्थेची. मी उठून आलो. बायकोला सगळं सांगितलं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "जाऊ द्या शाळा. त्या दिवशी पोरीच्या तोंडून वदवून घेतलं ना मी? आता तुमी बोला."

सभा मारुतीच्या पारापुढं होती. तो वर्दीतल्या फोटोखाली उभा राहून सरहद्दीवरचं बर्फ सांगत होता. मी गर्दीत उभा राहिलो. माईक मागितला नाही. पलटणीत गोळ्याच्या आवाजावर ओरडायची सवय होती, तसा ओरडलो.

"मी आधी माझं सांगतो! माझे कान गेले, चक्कर यायली, डॉक्टरच्या बोर्डानं मला घरी धाडलं! लपवायचं काईच न्हाई! आता तुमी सांगा साहेब, तुमचं नाव कोणत्या कारणानं कापलं?"

तो काहीतरी बोलला. त्याची माणसं माझ्या अंगावर आली. एकानं गचांडी धरली. मी त्याच्या तोंडाकडंच बघत होतो. ओठ हलत होते.

"मला ऐकू येत न्हाई! मोठ्यानं सांगा! माईक हाय की तुमच्यापाशी!"

त्यानं माईक खाली केला. गर्दीत कुणी हसलं नाही. सव्वीस जानेवारीला सत्कार झालेले तिघं माजी सैनिक पुढच्या रांगेत होते. तिघांनी माना खाली घातल्या. त्यांनाही ठाऊक होतं. आज नाही, कधीचंच ठाऊक होतं.

मला ढकलत ढकलत वेशीबाहेर नेलं. शर्ट फाटला, ओठ फुटला.

आणि तो निवडून आला. उगीच कुणाला वाटू नये की खरं बोललं आणि जिंकलं. गुलाल उधळला, मिरवणूक आमच्या वस्तीवरून मुद्दाम नेली. बायकोला दुसऱ्या दिवशीच शाळेवरून काढलं. ती आता लोकांच्या रानात खुरपायला जाते. बाप माझ्याशी बोलत नाही. बोलला ते एकदाच. म्हणाला, "जाऊन पाय धर." साहेबाच्या गाडीच्या काचेवर 'कॅप्टन' तसाच लिहिलेला आहे.

मी पाय धरणार नाही. गाव सोडून जाणार नाही. फौजेनं मला कुठल्या कारणानं सोडलं, ते मी भर बाजारात सांगतो. त्यात मला लाज नाही. लाज त्यानं बाळगावी, जो माझ्या गेलेल्या कानांवर स्वतःचं खोटं उभं करतो. तो जिथं फौजी म्हणून भाषण करील, तिथं मी असणार. मारलं तर मार खाऊन विचारणार. एकटा असलो तर एकटा विचारणार. त्यानं त्याच्या तोंडानं सांगेपर्यंत विचारणार.