विरण्याआधी तोडलेला सूर

गेल्या दिवाळीचा पाडवा, यंदाची संक्रांत आणि कालचा रविवार. या तिन्ही दिवशी दूरचित्रवाणीवर एकच चित्रपट दाखवला गेला आणि तिन्ही वेळा त्याच्या अखेरचे पियानोवादन मध्येच तोडून साबणाची जाहिरात लावली गेली. वाहिनीचे कार्यक्रमप्रमुख, जाहिरात विभाग आणि माझ्या पत्रांवर मौन पाळणारा तक्रार कक्ष हे यास जबाबदार आहेत.

त्या वादनात फारसे काही घडत नाही. डावा हात दोनच सूर संथपणे आळवतो. उजवा थोडा चढतो, थबकतो आणि वरच्या सुराला न शिवताच परततो. शेवटी दोन्ही हात उचलले जातात, पण सूर लांबवणारी पायाखालची पट्टी दाबलेलीच असते. त्यामुळे अखेरचा सूर थांबत नाही. तो विरत जातो.

चित्रपटगृहात याच सुरांवर नामावली सुरू होऊन दिवे लागताच मी उठत असे. पत्नी बाही धरून खाली बसवी.

"अहो वकीलसाहेब, बसा. संपलं नाही अजून."

"सगळ्यांची नावं वाचणार आहेस का?"

"ऐकतेय. तुम्हाला मेली निकाल लागला की उठायची सवय!"

ती गेली त्या दुपारी, भेटीची वेळ संपली म्हणून रुग्णालयाने मला तिच्या उशापासून उठवले. श्वास अजून चालू होता.

विरत जाणाऱ्याजवळ शेवटपर्यंत बसण्याचा माणसाचा हक्क कोणत्या कलमाने काढून घेतला जातो? संबंधितांनी याचे उत्तर खासगी पत्राने नव्हे, त्याच पडद्यावरून जाहीरपणे द्यावे.