पप्पांचा नंबर

मी एसटीत कंडक्टर आहे. धाराशिव–कळंब मारते, कधी तुळजापूर, कधी पार परंड्याकडं सोनारीपर्यंत. घरात माणसं तीन: मी, माझी नववीतली लेक आणि माझी म्हातारी आई. घर धाराशिवला आहे खरं, पण ते चालतं माझ्या फोनवरून, गाडीत उभ्या उभ्या.

पहाटे अंधारात बाहेर पडते तेव्हा दोघी झोपलेल्या असतात. येडशी आली की घरी फोन, “उठली का गं? पाणी तापलं का?” तिथून पुढं घाटाघाटानं रेंज जाते. येरमाळ्यात रेंज परत आली की दुसरा फोन, “डबा घेतला का? आज्जीची बीपीची गोळी दिली का?” मधल्या वेळात गॅस बुक करायचा, रिक्षावाल्या मामांना सांगायचं की आज पोरगी सरावाला थांबणार आहे, ट्यूशनच्या मॅडमना कळवायचं. हे सगळं एका हातात तिकिटाचं मशीन धरून. वर पॅसेंजर ऐकवतात, “मॅडम सारख्या फोनमध्येच असतात.” एकानं तर माझा व्हिडिओ काढला. मी म्हणलं काढ बाबा, नीट काढ, गॅसवाल्याशी भांडतानाचा काढ. लोकांना वाटतं आम्ही गप्पा हाणतो.

तरी खरं सांगायचं तर गाडी चालू असताना आलेला फोन मी उचलत नाही. गर्दी असते, सुट्ट्या पैशांची भांडणं असतात, बेल मारायची असते. स्टँड आला की मीच करते. घरी बटणांचा साधा फोन ठेवलाय, तो आईच्या उशाशी असतो. लेकीला हे सगळं पाठ आहे.

इतकं सगळं माझ्या फोनवरून चालतं, पण लेकीच्या शाळेकडं माझा नंबरच नाही. पाचवीत नाव घातलं तेव्हा मी ड्युटीवर होते, तिचा बाप घेऊन गेला आणि स्वतःचा नंबर देऊन आला. नंतर तो पुण्याला गेला आणि तिकडं त्यानं दुसरं घर मांडलं. मला ना धड सोडलं, ना धड नांदवलं. माणूस गेला, पण नंबर शाळेत राहिला. पालकांच्या ग्रुपवर एका पोरामागं एकच नंबर घेतात, तो ह्याचा. मी क्लार्ककडं खेटे घालून दमले. म्हणे वडिलांना घेऊन या, नाहीतर कोर्टाचा कागद आणा. अरे, त्या माणसाला आणता आलं असतं तर मी घरातच नसतं का आणलं?

मग शाळेची प्रत्येक गोष्ट पुण्याला जाते आणि तिथून त्याच्या मर्जीनं माझ्याकडं येते. आली तर आली. परीक्षेचं वेळापत्रक पेपर सुरू झाल्यावर आलं. सुट्टीचा निरोप आलाच नाही, पोरगी बंद फाटकापाशी दप्तर घेऊन उभी. त्याला विचारलं तर म्हणतो, “कामात होतो.” आम्ही काय झोपाळ्यावर बसलो होतो!

आता पोरीचं सांगते. ती खो-खो खेळते. आमच्याकडं खो-खो म्हणजे नुसता खेळ नाही, गल्लीत उभ्या माणसालाही त्यातलं कळतं. लेक पळायला लागली की माझासुद्धा श्वास अडकतो. अंगानं काडी, पण हाताला लागत नाही कुणाच्या. तिच्या गुडघ्यांना रोज आज्जी हळद लावते, सुट्टीच्या दिवशी मी पाय चोळून देते. तालुका झाला, जिल्हा झाला, आणि शाळेचा संघ विभागाला नांदेडला जायचा ठरला. संघात तिचं नाव होतं. त्या संध्याकाळी ती चप्पल न काढताच घरात आली. “आई, माझं नाव लागलं! पण घरून परवानगी पायजे. सरांनी ग्रुपवर टाकलंय, उद्या संध्याकाळपर्यंत हो लिहायचंय, न्हायतर राखीव खेळाडूंतली पोरगी घेणार.”

मी खेळाच्या सरांना फोन केला. सर चांगले आहेत, त्यांना नावं ठेवणार नाही. म्हणाले, “ताई, मला सगळं कळतंय. पण पोरी बाहेरगावी न्यायच्यात, मुक्काम आहे. नोंदवलेल्या नंबरावरून आलं तरच मला नेता येतं. उद्या काही झालं तर माझी मान अडकंल.”

म्हणजे नाक घासणं आलं. मी शपथ घातली होती स्वतःला, या माणसाला काही मागणार नाही म्हणून. दुसऱ्या दिवशी स्टँडवरून गाडी निघायच्या आधी लिहिलं, “अहो, ग्रुपवर परवानगी आहे एवढं लिहा. लेकीची निवड झालीय.” अजूनही अहोच लिहिते मी. जिभेला वळण पडलंय, ते बोटालाही पडलं. येडशीच्या आत दोन्ही टिका निळ्या झाल्या. उत्तर नाही. घाटात रेंज गेली. माझा जीव टांगणीला, आणि इकडं एक गृहस्थ बायकोच्या अर्ध्या तिकिटावरून माझ्याशी हुज्जत घालतोय की मलाही अर्धं द्या, आम्ही दोघं एकच आहोत. एरवी हसले असते. त्या दिवशी म्हणलं, “एक असाल तर एकाच सीटवर बसा.”

येरमाळा आल्यावर त्याला फोन लावला. उचलला.

“काय गं, आज बरी आठवण झाली!”

“मेसेज बघितला नव्हं? तेवढं लिहा की.”

“एवढ्या लांब पोरीला पाठवायचं? एकटी? विचार करून सांगतो.”

“एकटी न्हाय, सर हायत, बाई हायत. संध्याकाळपर्यंतच वेळ हाय.”

“मग नीट माग की. तुझ्या बोलण्यात अजून तोच तोरा हाय.”

तळपायाची आग मस्तकात गेली. डायव्हरनं हॉर्न दिला. गाडी खच्चून भरलेली, येडाईच्या दर्शनाला आलेल्या बाया उतरत होत्या, कळंबचे चढत होते, आणि मी दारात उभी. समोर एक म्हातारी आधार कार्ड पुढं करून उभी होती. मी फोन खांद्यात धरला, तिचं तिकीट काढलं आणि म्हणलं, “पाया पडते तुमच्या. लिहा.”

तो “बघू” म्हणाला आणि ठेवला. म्हातारी माझ्याकडं बघत होती. तिला काय वाटलं कोण जाणे, मी बेल मारली.

दिवसभर दर स्टँडवर फोन काढून बघत होते. काही नाही. संध्याकाळी घरी आले तर लेक दारातच. शेजारी नव्यानं राहायला आलेल्या मैत्रिणीची आई ग्रुपवर आहे, तिचा फोन मागून आणला होता. “आई, आई, बघ ना पप्पांनी काय लिहिलंय!”

वाचलं. “माझ्या लेकीच्या स्वप्नांच्या आड मी कधी येणार नाही. पूर्ण परवानगी. बाप म्हणून अभिमान वाटतो.” त्याखाली टाळ्या, फुलं, हात जोडलेले. कुणी लिहिलंय, दादा, असा बाप सगळ्यांना मिळो. कुणी लिहिलंय, धन्य ते वडील. मुख्याध्यापकांनीही वर केलेला अंगठा टाकला होता.

असा बाप! त्यानं कधी तिचे बूट कुठल्या नंबरचे हे तरी विचारलं का? गुडघा सुजला तेव्हा तिला पाठीवर घेऊन दवाखान्याचा जिना कोण चढलं? एका अंगठ्यानं चार ओळी हाणल्या आणि झाला बाप. मला सगळं तिच्यापुढं ओकावंसं वाटलं, की अगं येडे, हे ‘हो’ मी पाया पडून मिळवलंय, भर गाडीत. पण ती दोन्ही हातांनी फोन धरून उभी होती, आणि तोंडभर हसत होती. एवढी हसलेली मी तिला बऱ्याच दिवसांत बघितली नव्हती. तोंडाशी आलेलं गिळलं आणि चहा टाकला. आई कोपऱ्यातून नुसती बघत होती. नंतर हळूच म्हणाली, “तू गप बसतीस म्हणून त्याचं फावतं.”

संघ नांदेडला गेला. सर रोज खेळाचे व्हिडिओ टाकायचे, पण ग्रुपवर. म्हणजे पुण्याला. त्यानं ते मला पाठवले नाहीत, स्वतःच्या स्टेटसला लावले. वर लिहिलं, माझी वाघीण. त्याचं स्टेटस मी कधीपासून बंद करून ठेवलं होतं. ते पुन्हा उघडलं. शेजारणीकडं रोज रोज फोन कुठं मागायचा, दुसरं काय करणार. माझ्या लेकीला पळताना बघायचं तर ह्याच्या दारातून बघावं लागतं, आणि कोण बघून गेलं ते त्याला दिसतं. बघू दे, म्हणलं. चार-पाचदा बघितलं.

शेवटच्या सामन्याला मी तिला न सांगता नांदेडला जाणार होते. त्यासाठी रजा टाकली, साहेबांच्या पुढं उभी राहून मंजूर करून घेतली, पिशवी भरली. पहाटे आईला उलट्या सुरू झाल्या. थांबेनात. रिक्षा करून तिला दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी सलाइन लावलं. नांदेडची गाडी गेली. मी खाटेशेजारच्या स्टुलावर बसले, फोन हातात घेऊन. चार्जिंग कमी होऊ नये म्हणून दुसरं काही उघडलंसुद्धा नाही. सामना संपला की सर पोरींना घरी फोन लावून देतात, एवढं मला माहीत होतं. आई मधेच डोळे उघडून विचारायची, “आला का?” मी म्हणायची, “येईल की. झोप तू.”

दुपार कलल्यावर त्याचं स्टेटस बदललं. “आम्ही जिंकलो. लेकीचा पहिला फोन बापाला.”

मी ते बंद केलं, परत उघडलं. मग सरांच्या नंबरावरून फोन वाजला. पहिल्या रिंगला उचलला. मागं पोरींचा नुसता गलका.

“आई! आमी जिंकलो! मी शेवटपर्यंत आउट न्हाय झाले!”

“लई भारी गं माझी बाय. लागलं न्हाय ना कुठं?”

“न्हाय न्हाय. आई, पप्पा तर रडलेच फोनवर.”

मला विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलंच. “त्यांना आधी लावला व्हय?”

“सरांनी विचारलं, कुणाला लावू. म्हणलं पप्पांना लावा.” ती धापा टाकत होती, घाईत होती, दुसरी पोरगी फोन मागत होती. “तू ड्युटीवर असतीस ना आई. तू कुठं उचलतीस?”

सलाइनची बाटली संपत आली होती. आई माझ्याकडं बघत होती.

“व्हय गं,” मी म्हणलं, “ड्युटीवरच हाय. ठेवते आता, स्टँड आला.”