फूट किती?

स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवून माणसाचं आजवर वाटोळंच झालं आहे आणि भरवसा ठेवण्याजोगी वस्तू जगात एकच, ती म्हणजे टेप, असं छातीवर हात ठेवून सांगणारा माणूस अख्ख्या बजाजनगरात एकच आहे. माझ्या वडिलांचे मित्र, निवृत्त फिटर, माझे काका. त्यांच्याकडे चावी देऊन चालणारा, घरगुती सिनेमा काढायचा एक कॅमेरा आहे. औरंगपुऱ्यातल्या जुन्या सामानाच्या दुकानातून घेतला तेव्हाही तो जुनाच होता. त्याच्या डोळा लावायच्या खिडकीतून जवळचं-लांबचं सगळं सारखंच स्वच्छ दिसतं, म्हणून ती खिडकी काकांच्या मते खोटारडी. माणूस किती लांब आहे ते मोजायचं, काचेभोवतीची कडी फिरवून तो आकडा लावायचा, तरच चित्र रेखीव येतं. "डोळा फसवतो, टेप नाय फसवत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एका लग्नात त्यांनी नवरीच्या नाकापर्यंतचं अंतर मोजेस्तोवर मुहूर्त अडवून धरला होता, आणि सिल्लोडच्या कुणा मामांनी त्यांना मंडपवाला समजून खुर्च्या कमी पडल्याबद्दल झापलं होतं. एवढं करूनही चित्र धुरकट आलं, तर दोष रीळ धुणाऱ्यांचा.

आमच्या घरी मात्र 'फूट' हा शब्द शिवीसारखा. वडील कामगार युनियनचे पुढारी, मी पत्रकांवर वाढलो. माझी अक्षरओळखच 'फूट पाडणाऱ्यांना ओळखा' या मथळ्यावरून झाली. त्यामुळे कारखान्याच्या गेटवरच्या एका सभेची गोष्ट मी शंभरदा ऐकली आहे. संध्याकाळची वेळ, वडील बोलत होते. टेपचं दुसरं टोक धरलेल्या माणसाला काकांनी गर्दीतून ओरडून विचारलं, "फूट किती?" वडिलांनी भाषण थांबवलं. "कुणी पाडली?" पुढचा तासभर सगळे एकमेकांकडे संशयानं बघत होते. "टेपवाला म्हणला दहा," काका सांगतात, "तर तुझा बाप दहा जणांची नावं विचारायला लागला."

मी चार वर्षांचा असताना वडील गेले. मागे राहिली पेटीभर पत्रकं आणि ओळखपत्रावरचा नखाएवढा फोटो. त्यांना हलताना-चालताना पाहायचं तर जगात त्या सभेचं एकच रीळ, आणि काकांच्या प्रोजेक्टरचा दिवा कित्येक वर्षं गेलेला. गेल्या महिन्यात कुठून तरी दिवा मिळाला. आईला घेऊन मी गेलो. काकूंनी भिंतीवर चादर लावली, खिडक्या लावल्या, प्रोजेक्टर घरघरला आणि वडील दिसले. म्हणजे, हात उंचावलेला एक धूर दिसला. चेहऱ्याच्या जागी पिठाचा गोळा. मी पुढे सरकलो, मागे सरकलो, चष्मा पुसला. तो गोळा काही वडील होईना. त्याच्या मागे मात्र, पार भिंतीशी, एक बाई इतकी लख्ख की बांगड्या मोजून घ्याव्यात. ती लोकांच्या हातात पत्रकं देत होती.

"वहिनी, ह्या तुम्हीच की," काकू म्हणाल्या.

"मी कशाला गेटवर जाऊ? मला सैपाक असायचा," आई म्हणाली. जन्मभर ती हेच सांगत आली आहे. मग थोडा वेळ चादरीकडे बघून, "पाणी द्यायला गेले असंन."

हातात तांब्या नव्हता.

मला राग आला, पण तो कुणाचा हे कळेना. काकांचा, आईचा, की बायकांच्या न दिसणाऱ्या कामावर दोन पत्रकं लिहून घरात कधी काही न विचारलेल्या माझा? त्या घोळात मी कॅमेरा पुसत बसलो. कडीवरचा मळ निघाला आणि आकड्यांच्या टोकाला एक बारीक लाल अक्षर दिसलं.

"काका, हा एम कशाचा?"

"मूव्हीचा," काका म्हणाले. "एवढं शिकून तुला साधं एवढं नाय कळत व्हय?"

मला कळलं होतं. तो मीटरचा होता. काकांनी जन्मभर फुटांत मोजलं आणि मीटरवर लावलं. दहा फुटांवरचा माणूस सोडून त्यांचा कॅमेरा तेहेतीस फुटांवर नजर लावून बसायचा. गावोगावच्या नवऱ्या धुरात गेल्या होत्या आणि त्यांच्या मागचे वाढपी रेखीव आले होते. पत्रकातला एकही खोटा आकडा मी आजवर खपवून घेतलेला नाही. हा घेतला. का, ते अजून नीट सांगता येत नाही.

काकूंच्या फ्रिजमध्ये कोथिंबिरीशेजारी शेवटचं एक कोरं रीळ होतं. ते काकांनी आम्हा मायलेकरांसाठी काढलं. परवाच्या रविवारी, उन्हं उतरताना, मैदानात त्यांनी माझ्या नाकाला टेप लावली, कॅमेऱ्यापर्यंत ताणली, कडी दहावर नेली आणि खिडकीला डोळा लावला. मी आईचा हात धरला आणि मागे चालायला लागलो.

"अरे पत्रकवाल्या, कुठं निघालास? दहा फूट ठरलं होतं."

"काका, फूट पडली," मी म्हणालो. "तुम्ही कडी हलवू नका."

ते काहीतरी बडबडले, पण चावी द्यायला लागले. टेप मध्येच गवतात पडून राहिली होती. आई पदर सावरत माझ्याबरोबर येत होती.

"अजून किती मागं?" तिनं विचारलं.

"तू उभी होतीस तिथपर्यंत," मी म्हणालो.

ती मागे चालत राहिली. या वेळी तिनं नाही म्हटलं नाही.