ठाण्याला साखळी

माझ्या धाकट्या दिरांना आम्ही घरात ‘साहेब’ म्हणतो. आहेत साधे पोलीस शिपाई, पण खाकी चढवली की मान अशी ताठ होते की चिडवल्याशिवाय राहवत नाही.

त्यांच्या ठाण्यात आता माणसांपेक्षा खुर्च्याच जास्त. जुने निवृत्त झाले, त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. उरले त्यातले निम्मे एका पुढाऱ्याच्या बंगल्यावर. तिथे काय करतात? कुत्रं फिरवतात! शिसारी येते मला. इकडे तक्रारी लिहून घ्यायच्या, फोन घ्यायचे, पिण्याचं पाणी भरायचं, सगळं साहेबांच्या गळ्यात.

त्या दुपारी ते ठाण्यात एकटेच होते. मागच्या गल्लीत कपडे शिवणाऱ्या बाईचा फोन आला. तिचीच कात्री घेऊन नवरा दार फोडत होता. ठाणं मोकळं सोडायचं नाही, असा नियम. साहेबांनी वरिष्ठांना विचारलं, तर उत्तर आलं, "दुसरा माणूस आला की जा." अरे, येणार कुठून? आभाळातून पडणार?

ठाण्याला कुलूपच नव्हतं. ते कधी बंद व्हायचंच नसतं ना! साहेबांनी सायकलची साखळी काढून दाराला घातली आणि धूम ठोकली. बाई वाचली. नवऱ्याला कॉलर धरून आणला.

तोवर कुणा रिकामटेकड्याने बंद ठाण्याचा फोटो गावभर फिरवला होता. मग वरच्यांची अब्रू गेली. माणसं नव्हती तेव्हा गेली नाही, फोटो निघाल्यावर गेली! थू त्यांच्या अब्रूवर. साहेबांना निलंबित केलं, म्हणजे होता तो माणूसही घालवला. नवरा आठवड्यातच जामिनावर बाहेर.

परवा साहेब स्वयंपाकघरात बसून मला भाजी निवडून देत होते. ती बाई धापा टाकत दारात आली.

"दादा, तो परत आलाय. ठाण्यात फोन कुणी उचलतच नाही."

साहेब ताडकन उठले. मग तसेच उभे राहिले.

"ताई, मला आता कुणाला धरता येत नाही हो."

एवढा ताठ माणूस, पण तिच्याकडे बघवेना त्यांना. मी तिला आत ओढलं आणि खिडकीतून पाहिलं. नवरा समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसून सिगारेट ओढत होता. त्याला कसली घाई?