लाल आभाळाखालची तिघं

मामा रंगांच्या दुकानात शेड जुळवायचे. कुणी भिंतीचा पोपडा आणायचं, कुणी पडद्याची चिंधी. एका बाईंनी तर नवऱ्याच्या शर्टाची बाही कापून आणली होती. मामा डबा ढवळून हुबेहूब तोच रंग काढायचे. आपल्या नजरेचा त्यांना भारी तोरा होता.

पण हल्ली तक्रारी येऊ लागल्या. आकाशी मागितला की जांभळट निघायचा. मालकांनी सांगून टाकलं, "आणखी एक डबा परत आला, तर मी रंग जुळवायचं मशीन आणणार. मग तुम्ही काउंटरवर बसा." तरी डोळे तपासायचं नाव काढलं की मामा अंगावर यायचे.

एका रविवारी ते मला आणि मामीला चित्रसंग्रहालयात घेऊन गेले, त्यांचं लाडकं चित्र दाखवायला. लालभडक आभाळ, काळा डोंगर आणि शेतातून चाललेली तीन माणसं. नाकडोळे नाहीत, नुसते ब्रशचे फटकारे.

"बघ, शेत कसं पिवळंधमक पिकलंय," मामा म्हणाले. "तिघं खुशीत घरी निघालीत."

"मामा, ते निळसर पांढरं आहे. बर्फ पडलाय."

"तुला काय कळतंय!" त्यांनी मामीकडे पाहिलं. रंगाच्या बाबतीत मामी त्यांच्यापुढे कधी बोलायची नाही. आज हळूच म्हणाली, "अहो, निळसरच आहे."

मामांचं तोंड एवढंसं झालं. मला फार वाईट वाटलं. सोमवारी ते मुकाट्याने डॉक्टरांकडे गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता; त्यामुळे पांढरंही पिवळं दिसायचं.

ऑपरेशनं झाली, डोळे बरे झाले, तसे मामा आधी त्या चित्रापुढे जाऊन उभे राहिले.

"बर्फच आहे की! गारठलीत बिचारी." मग इतके पुढे वाकले की रखवालदार खाकरला. "पण खुशीतच आहेत हं. बघ, कशी खेटून चाललीत. माझं अगदीच चुकलं नव्हतं."

"बरं, नव्हतं," मामी हसत म्हणाली.

दुकानात पहिलंच गिऱ्हाईक म्हणून एक बाई आकाशी मागायला आल्या. मामांनी तासभर डबा ढवळला. तिसऱ्या दिवशी त्याच बाई डबा हातात घेऊन दारात हजर! मालक खुर्चीतून उठले. मामांनी घाम पुसला.

"पुरला नाही हो," बाई म्हणाल्या. "अगदी हाच आणखी एक द्या."